परत फिरताना सोबत कोण, हे घरीच ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिमालयातल्या बुग्यालांवरच्या, म्हणजे उंचावरच्या कुरणांवरच्या ट्रेकचा लेख वाचला. फोटो सुंदर होते. शेवटच्या चौकटीतली सामानाची यादीही बरी होती: लोकरी मोजे, पोंचो, कानटोपी, हेडलॅम्प, सनस्क्रीन. पण मध्येच एक वाक्य होतं, की सह्याद्रीत नेहमी फिरणाऱ्या कुणालाही हा ट्रेक सहज जमेल. हे पत्र त्या एका वाक्यापायी लिहिते आहे.

मी साताऱ्यात औषधांचं दुकान चालवते. वय ५३. लेख छापून आला त्या आठवड्यात तीन जण डायमॉक्स, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासासाठीची गोळी, मागायला आले. त्यातला एक तर पुरवणीचं पान घडी घालून खिशात घेऊनच आला होता. "काकू, एक पट्टी द्या." मी म्हटलं, "चिठ्ठी?" तर म्हणतो, "काय काकू, सगळेच घेतात की." त्याला दिली नाही, तो पुढच्या दुकानात गेला. त्याला तिथे मिळाली की नाही, ते विचारायला मी गेले नाही.

मीही गेल्या वर्षी एप्रिलात अशीच पहिल्यांदा निघाले होते. उत्तरकाशी जिल्ह्यातलं दयारा बुग्याल. बुग्याल म्हणजे झाडांची रेषा संपते त्याच्या वरचं गवताचं कुरण. उन्हाळा-पावसाळ्यात खालच्या गावांतली गुरं तिथे चरायला जातात. पायथ्याच्या रैथल गावचे लोक ऑगस्टच्या मध्याला, सूर्य रास बदलतो त्या संक्रांतीला, तिथे दूध, ताक, लोणी एकमेकांना फासून सण करतात, त्याला अंढूडी म्हणतात. आपल्याकडे कासच्या पठारावर गाडीतून उतरलं की फुलं सुरू. दयाराला उतरायला गाडीच नाही. रैथलपर्यंत रस्ता, पुढे आपले पाय. जिल्हा रुग्णालय खाली उत्तरकाशीला. म्हणजे वर कुणाला काही झालं तर आधी तासन् तास उतरून गाव गाठायचं आणि मग गाडीने घाटरस्ता.

तयारी मात्र मी मन लावून केली होती. जानेवारीपासून रोज पहाटे अजिंक्यतारा. पहिल्या आठवड्यात मंगळाईच्या देवळापर्यंत जाताना चार वेळा थांबले. चारभिंतीला फिरायला येणारे निवृत्त लोक मला मागे टाकून जायचे, वर "येताय ना?" असं विचारूनही जायचे. फेब्रुवारीत पाठीवर सॅक घेतली. त्यात कंपनीला परत पाठवायच्या राहिलेल्या, मुदत संपलेल्या सलाइनच्या बाटल्या भरल्या. अर्धा लिटरची एक, अशा आधी चार, मग दहा. पाच किलो वजन झालं आणि माल पडून राहिल्याचं दुःखही थोडं कमी झालं. चढताना पाढे म्हणायचे. सतराचा पाढा न तुटता म्हणता आला की वेग बरोबर, 'सतरा सक्कं'ला धाप लागली तर हळू चालायचं. बूट महिनाभर आधी घेऊन ते घालूनच दुकानात दिवसभर उभी राहायचे. घरून निघायच्या चार दिवस आधी पायाच्या बोटांची नखं कापली. उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात, हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. ती नखं दाखवायलाच तो आला होता.

सोबत भाचा. वय २७, हिंजवडीत नोकरी, सातारा हिल मॅरेथॉन दोनदा पळालेला. यवतेश्वरचा घाट तो हसत चढतो. त्याने तयारी अशी काही केलीच नाही आणि मलाही त्यात वावगं वाटलं नाही. चिंता होती ती सगळ्या घराला माझी. निघताना बहिणीने त्याला बजावलं, "मावशीकडे लक्ष ठेव हं."

आता मुख्य मुद्दा, जो त्या लेखात नव्हता.

कळसूबाई १६४६ मीटर. त्याच्या वर महाराष्ट्रात उभं राहायला जागा नाही. रैथल हे गाव, म्हणजे जिथे ट्रेक अजून सुरूही झालेला नसतो, तेच कळसूबाईच्या माथ्याहून पाचशेहून जास्त मीटर उंचावर आहे. सह्याद्रीत आपण कितीही चढलो तरी ज्या उंचीपासून पुढे विरळ हवेचा त्रास सुरू होतो, तिथवर आपण कधी पोचतच नाही. साधारण २५०० मीटरच्या पुढे तो होऊ शकतो. साडेतीन हजारावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला प्राणवायूही तेवढाच. त्याची सवय शरीराला फक्त मुक्कामाने होते. गुडघे, मांड्या, छाती अजिंक्यताऱ्यावर तयार होतात. रक्त तयार व्हायला वर झोपावंच लागतं, आणि तेही टप्प्याटप्प्याने. वैद्यकीय सल्ला असा आहे की सखल भागातून आल्यावर पहिल्याच रात्री २७५० मीटरच्या वर झोपू नये आणि ३००० च्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा कितीही चढा, प्रश्न रात्री पाठ कुठे टेकता याचा आहे.

आम्ही काय केलं? रैथलहून निघाल्यावर आधी गुईला मुक्काम, दुसऱ्या दिवशी चिलापाडा, असा शहाणा क्रम आहे. दोन्ही ठिकाणी गुराख्यांच्या छानी आहेत, लाकूड-दगडाची बसकी घरं. गुईचा मुक्काम गाळला तर रजेचा एक दिवस वाचत होता. गटातल्या नोकरदारांना तो दिवस हवा होता. मलाही हवा होता, दुकानात माणूस एकच. म्हणून आम्हीच तो छोटा पर्याय निवडला, कुणी गळ्यात मारला नाही. भाचा आदल्या दिवशी पहाटे पुण्यात होता, संध्याकाळी रैथलला. दुसऱ्या संध्याकाळी चिलापाडा, तीन हजाराच्या वर. मी बापडी गोवा एक्सप्रेसने आलेली, दिल्लीहून देहरादून, मग उत्तरकाशीत एक रात्र, नंतर रैथल. त्या संथपणाचा मला किती फायदा झाला हे सांगता येणार नाही, पण निदान पोचले तेव्हा मी झोपलेली, जेवलेली होते.

वाट सुरेख होती. खाली ओक, मध्ये बुरांशाची झाडं लालेलाल फुललेली. भाचा सगळ्यांच्या पुढे. "मावशी, तू हळू ये गं, मी वर जाऊन चहा सांगतो." चिलापाड्याला पोचल्यावर, उजेड होता म्हणून, मी आणि आणखी दोघी वीस-पंचवीस मिनिटं चढून कुरणाच्या कडेपर्यंत जाऊन आलो. बर्फ नुकताच सरकलेला, गवत झोपलेलं, पिवळं. त्यात मधेच जांभळ्या फुलांचे गेंद जमिनीला चिकटून उगवलेले. समोर बंदरपूंछचं शिखर. भाचा आला नाही. "उद्या बघायचंच आहे की" म्हणाला. पुढे पळणारा पोरगा वीस मिनिटांचा चढ टाळतोय, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मी फोटो काढण्यात गुंग.

जेवणं झाली. तंबूत मी औषधांचा बटवा उघडला, गुडघ्याला मलम हवं होतं. पॅरासिटामॉलची पट्टी हाताला लागली. तीस वर्षं गल्ल्यामागे उभं राहिलेल्या माणसाचं असं असतं की पट्टी हातात आली की अंगठा आपोआप गोळ्या मोजतो. दहाची पट्टी, आठ होत्या. मी निघताना सगळ्या पट्ट्या भरलेल्या ठेवल्या होत्या.

"डोकं दुखतंय?"

"थोडंसं. ऊन लागलं असेल."

"कधीपासून?"

गप्प. मग म्हणाला, "दुपारपासून. तुझा ट्रेक खराब होईल म्हणून बोललो नाही."

संपादक महाशय, सामानाच्या कुठल्याही यादीत हे वाक्य नाही. गोळी घेऊन डोकं थांबलं, मळमळ थांबली नव्हती. मी बाहेर जाऊन गाइडला सांगितलं. तो रैथलचाच, चाळिशीतला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. "दीदी, भाई ने दो रोटी छोड़ी थी। मैं देख रहा था।" रोज जेवताना तो आमच्या ताटांकडे बघायचा, मला वाटायचं आग्रहासाठी. तो कोण किती टाकतो ते मोजत होता. त्याने भाच्याला जमिनीवर ताणलेल्या दोरीवरून टाचेला टाच लावून चालायला लावलं. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असू शकते, मग सकाळची वाट न बघता रात्रीच उतरवायचं. बसल्या जागी धाप लागते का, कोरडा खोकला आहे का, तेही विचारलं. ती फुप्फुसात पाणी होत असल्याची खूण. भाचा सरळ चालला. खोकला नव्हता. मग रात्र तिथेच काढायची, वर चढायचं नाही, सकाळी बघू.

मी रात्रभर त्याचा श्वास ऐकत जागी.

ऑक्सिमीटरबद्दल इथेच सांगते. कोविडात मी ढिगाने विकले आणि ९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठा हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. तीन हजारावर धडधाकट माणसाचंही ८८-९० दिसतं. त्याला घाबरून कुणी उतरू नये. उलट बोट गार असेल तर यंत्र खोटंच कमी दाखवतं. पहाटे माझं ८९ होतं. भाच्याचं ८१. हात चोळून, काखेत धरून, गरम करून पुन्हा लावलं तर ८२. तेवढ्यात त्याला उलटी झाली. यंत्राने सांगितलं त्यापेक्षा त्या उलटीने जास्त सांगितलं.

बाकीचे आठ जण गाइडबरोबर वर गेले. आम्ही दोघं आणि गाइडचा मदतनीस मुलगा खाली. उतरायचं ठरल्यावर भाचा जे बोलला ते मी विसरणार नाही. "मावशी, तू जा ना वर. चार महिने तू चढलीस. मी जाईन याच्याबरोबर." मीही क्षणभर, खोटं कशाला बोलू, वर बघितलं. कुरणाच्या कडेवर ऊन आलं होतं. सलाइनच्या दहा बाटल्या आठवल्या. मग सॅक उचलली. गुईला पोचेपर्यंत तो मान खाली घालून चालत होता. गुईच्या खाली त्याने बिस्किटाचा पुडा मागितला. दुपारी रैथलला राजमा-भात दोनदा घेतला. औषध काही दिलं नाही, फक्त आठशे-नऊशे मीटर खाली आणलं. विरळ हवेच्या त्रासावर याहून खात्रीचा इलाज नाही, आणि तो दुकानात मिळत नाही.

डायमॉक्सबद्दल थोडं, कारण विचारणारे येतच राहणार. त्यातलं औषध, ॲसिटाझोलामाइड, श्वास वाढवतं, शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करतं. ते त्रास लपवत नाही, पण सावकाश चढण्याची जागाही घेत नाही. बोटांना मुंग्या येतात, सोडा पाण्याची चव बिघडते, लघवीला वारंवार जावं लागतं, आणि गोठणाऱ्या थंडीत रात्री दोनला तंबूची चेन उघडणं म्हणजे काय, ते मी शब्दांत सांगत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. डोस मुद्दाम लिहीत नाही, तो तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. ही चिठ्ठीवरच द्यायची गोळी आहे. आणि डोकेदुखीची गोळी वर जरूर घ्या, फक्त घेतल्याचं बरोबरच्या माणसाला सांगून घ्या.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर, ट्रेकच्या फॉर्मबरोबर तब्येतीचा दाखला लागतो. आमच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनी माझ्या आणि भाच्याच्या दाखल्यावर रक्तदाब न मोजता सही केली. "तुम्ही काय, ठणठणीत!" मी हसून घेतला. चूक त्यांची तेवढीच माझी.

कुणी म्हणेल, काय एवढं, पोरगं एक दिवस आजारी पडलं. जून २०२४ मध्ये त्याच भागात, सहस्रतालच्या ट्रेकवर कर्नाटकातून गेलेल्या गटातले नऊ जण वादळी हवेत दगावले. हवामान कुणाच्या हातात नसतं आणि त्या माणसांनी काय चुका केल्या हे साताऱ्यात बसून सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ही बातमी छापणारी वर्तमानपत्रंच पर्यटनाच्या पुरवणीत 'कुणालाही सहज' असं लिहितात, तेव्हा राग येतो.

दुसरं एक राहिलं. लेखात बुग्यालावर तंबू ठोकून चांदण्यात झोपण्याचं वर्णन होतं. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि दिवसाला येणाऱ्यांची संख्या २०० वर आणली. अली-बेदनीच्या कुरणांसाठी स्थानिक समितीने केलेल्या याचिकेवरचा तो निकाल. म्हणून मुक्काम कुरणाच्या खाली, झाडांच्या आत. ते गवत वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली असतं, उरलेल्या थोड्या दिवसांत वाढतं. एकदा सोललं गेलं की पाणी तिथून माती ओरबाडत नेतं. दयारावर तशा घळी पडल्यात आणि वनखात्याने त्या नारळाच्या काथ्याचे गुंडाळे आणि चीडाच्या झाडाची सुईसारखी पानं वापरून बुजवायला घेतल्या, असं गाइड सांगत होता. कासला गर्दीने काय होतं हे आम्ही सातारकर दर सप्टेंबरला बघतो. आम्हाला हे वेगळं समजावायला नको.

तेव्हा माझ्या मागण्या दोनच. यापुढे ट्रेकवरचा लेख छापाल तेव्हा कुठल्या रात्री किती मीटरवर झोपायचं ते आकडे छापा, कानटोपीच्या आधी. आणि एक ओळ अशी टाका, की घरून निघण्याआधी, घरातल्या घरात, चहा पिताना ठरवा: कुणाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली कोण येणार. नाव घेऊन ठरवा. येणाऱ्याने नंतर तोंडातून ब्र काढायचा नाही, हेही ठरवा. पैसे आणि रजा बुडालेलीच आहे असं समजून निघा. हे आधी ठरलं असतं तर भाचा दुपारीच बोलला असता. माझा ट्रेक खराब होईल या भीतीने त्याने अर्धा दिवस डोकं धरून चढ चढला, आणि हे मॅरेथॉन पळणाऱ्या पोराचं सांगते. ज्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं ती काकू लगेच सांगते, गुडघा दुखला तरी सांगते. धडधाकट माणसाला सांगायची लाज वाटते.

यंदा ऑक्टोबरात आम्ही दोघं पुन्हा दयाराला निघालोय. गुईचा मुक्काम धरून. रैथललाही एक रात्र जास्त. भाचा या खेपेला माझ्याबरोबर ट्रेनने येणार आहे, कुरकुर करत. उतरायची वेळ आली तर एकमेकांबरोबर उतरायचं, हे बहिणीच्या देखत ठरलंय. बटव्यातली गोळी घेतली तर आधी सांगेन असं त्याने कबूल केलंय. तरी मी पट्ट्या मोजणार आहे.

आपली,
एक औषध दुकानदार, सातारा

ता. क. नाव छापू नये. पत्र भाच्याला वाचून दाखवलं आहे. 'पोरगा' हा शब्द काढ म्हणाला, मी ठेवला.